सातपुड्यात कुठलं सिम चालतं?

पत्र नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातून आलं आहे. लिहिणारी आयुर्वेदाची पदवीधर, वय २७, माहेर सांगलीकडचं. वर्षभरापूर्वी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून ती एका उपकेंद्रात रुजू झाली. तिच्या सिमला उपकेंद्रात रेंज नाही. अर्धा किलोमीटर चढून टेकाडावर गेलं की दोन काड्या येतात. ऑनलाइन सल्ल्याचे आणि नोंदींचे आकडे वेळेत गेले नाहीत की मोबदला कापला जातो. आई रोज रात्री आठला फोन लावते आणि लागला नाही की थेट वैद्यकीय अधिकाऱ्यांना लावते. गेल्या भाद्रपदात एका पाड्यावर रात्री बाळंतपण अडलं. आशाताईंनी फोन लावला, तो हिला आलाच नाही. शेवटी आशाताईंचा नवरा बॅटरी घेऊन पाऊण तास चालत उपकेंद्रावर आला. बाई आणि बाळ दोघंही सुखरूप आहेत, पण ‘माझ्याकडे चांगल्या कंपनीचं सिम असतं तर’ हे डोक्यातून जात नाही, असं ती लिहिते. सहकारी म्हणतात नंबर पोर्ट कर, आणि प्रत्येक जण वेगळ्या कंपनीचं नाव घेतो. दुबईचा मावसभाऊ सॅटेलाइट फोन आणून देतो म्हणतो. होणारा नवरा म्हणतो, बदली मागून घे. तिचा प्रश्न एका ओळीचा आहे: कुठल्या कंपनीचं सिम घेऊ?

डॉक्टर, या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारे तुम्हाला पाच जण भेटलेच आहेत, आणि गंमत अशी की ते पाचही जण खरं बोलत असणार. प्रत्येक जण आपल्या अंगणातलं सांगतो. तुमचं अंगण वेगळं आहे.

मी चिखलदऱ्याच्या खालच्या गावांत चार वर्षं काढली. तिथे एका घराच्या ओसरीच्या वाशाला दुधाच्या रिकाम्या पिशवीत घातलेला फोन लटकत असे. पिशवीतून काढून हातात घेतला की रेंज गेली. बोलायचं तर स्पीकर लावून वाशाखाली उभं राहायचं आणि अख्ख्या ओसरीला ऐकू जाईल असंच बोलायचं. त्या घरात कोणी लग्नाची बोलणी फोनवर केली नाहीत. त्याच घराच्या मागच्या बाजूला, चुलीपाशी, तीच कंपनी ठार मेलेली. मधे फक्त एक कुडाची भिंत, थोडं पत्र्याचं छप्पर आणि पंधरा पावलं.

तुमच्याकडेही हेच आहे. टॉवरपासून निघालेल्या लहरींना डोंगर आडवा आला की पलीकडच्या दरीत सावली पडते, म्हणूनच सरकारी कागदांत अशा गावांना ‘शॅडो एरिया’ म्हणतात. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात. २१०० किंवा २३०० च्या लहरींवर नेट जास्त बसतं, पण त्या लवकर दमतात. एकाच कंपनीचा एक टॉवर एक प्रकार वापरतो, दुसरा दुसरा. म्हणून ‘अमुक कंपनी ग्रामीण भागात चांगली’ या वाक्याचा तुमच्या पाड्याला काडीचा उपयोग नाही.

आता तुमच्या पत्रात मला जे दिसलं ते सांगते. तुम्ही एका सिमकडून तीन कामं मागता आहात: रात्री अडलेल्या बाईसाठी कोणीतरी तुम्हाला गाठू शकावं, आकडे वर जावेत, आणि आईच्या जिवाला घोर लागू नये. ही कामं इतकी वेगळी आहेत की तिन्हींना एकच सिम पुरलं तर नशीबच म्हणायचं. रात्रीच्या फोनला नेट लागतच नाही, नुसती घंटी वाजायला हवी, आणि ती उपकेंद्राच्या खोलीतच वाजायला हवी. व्हिडिओवरच्या सल्ल्याला चांगलं नेट लागतं, पण ते मध्यरात्री लागत नाही. दिवस आणि जागा ठरवता येते. आईला तर रेंजपेक्षा वेळ ठरलेली हवी.

आधी पाहणी करा, आणि त्यासाठी चार सिम विकत घेऊ नका. फोनच्या सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्कच्या आत ‘नेटवर्क ऑपरेटर’ असतं. तिथलं ‘ऑटोमॅटिक’ बंद केलं की फोन शोध घेतो, एक-दोन मिनिटं लागतात, आणि त्या जागी ज्या ज्या कंपन्यांची लहर पोचते त्यांची यादी समोर येते, टू-जी की फोर-जी तेही दिसतं. तुमचं सिम कुठलंही असो. आठवडाभर हे करा: उपकेंद्राच्या खोलीत, व्हरांड्यात, तुम्ही राहता तिथे, लसीकरणाला जाता त्या प्रत्येक पाड्यावर, आणि आशाताईंच्या दारात. वहीत लिहा. एकदा सकाळी, एकदा रात्री, आणि एकदा वीज गेलेली असताना. काम झालं की ‘ऑटोमॅटिक’ परत चालू करायला विसरू नका, नाहीतर आहे ती रेंजही जायची.

काड्या मोजू नका. किती लहरीला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक फोन बनवणारा आपापलं ठरवतो. ‘अबाउट फोन’मध्ये सिमच्या माहितीखाली एक उणे आकडा असतो. फोर-जीला उणे ९० च्या आसपास असेल तर निर्धास्त बोला. उणे ११० च्या पुढे गेला की शब्द तुटायला लागतात, उणे १२० ला फोन नुसता नावाला जिवंत. ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांमुळे कंपन्यांना आपापल्या वेबसाइटवर रेंजचे नकाशेही टाकावे लागतात, तेही बघा. पण नकाशावरचा रंग हा मोकळ्या माळावरचा अंदाज समजा. तो तुमच्या पत्र्याच्या छपराखाली उतरेलच असं नाही.

पाहणीत आणखी एक गोष्ट शोधायची आहे, आणि ती फारसं कोणी सांगत नाही. दोन कंपन्यांची सिमं घेतली म्हणजे दोन आधार झाले असं आपण धरून चालतो. पुष्कळदा दोन्ही कंपन्यांचे अँटेना एकाच लोखंडी टॉवरवर बसवलेले असतात. वीज गेली, खालची बॅटरी उतरली, डिझेल संपलं की दोघीही एकदम गप्प. तुम्हाला दोन वेगळ्या टॉवरचे आधार हवेत, शक्यतो दोन वेगळ्या दिशांचे. वीज गेल्यावर चार-पाच तासांनी कोण बोलतंय आणि कोण नाही, हे वहीत आलं की उत्तर आपोआप दिसेल. वीज कधी जाईल याची वाट तुम्हाला फार बघावी लागणार नाही!

कंपन्यांबद्दल थोडं. जिओकडे टू-जी नाहीच. त्यांचं बोलणं फोर-जी आणि फाइव्ह-जीवरूनच जातं. म्हणजे साधा जुना बटनांचा फोन त्यावर चालत नाही, आणि स्मार्टफोनमध्ये ‘व्होल्टी’ (फोर-जीवरून बोलण्याची सोय) बंद राहिलं तर बोलणंच होत नाही. एअरटेल, वी (व्होडाफोन-आयडिया) आणि बीएसएनएल यांचं टू-जी अजून आहे. नेटच्या नावाने शून्य, पण नुसत्या घंटीसाठी पुष्कळ ठिकाणी तेच कामी येतं. बीएसएनएलचं देशी बनावटीचं फोर-जी सप्टेंबर २०२५ मध्ये साडेसत्त्याण्णव हजार टॉवरांवर सुरू झाल्याचं जाहीर झालं. शिवाय नंदुरबार हा ‘आकांक्षित जिल्हा’ आहे, म्हणजे केंद्राच्या मागास जिल्ह्यांच्या यादीतला. अशा जिल्ह्यांतल्या रेंज नसलेल्या गावांसाठी केंद्राने २०२१ मध्ये आणि उरलेल्या देशासह २०२२ मध्ये टॉवरची कामं मंजूर केली आहेत. म्हणून दोन वर्षांपूर्वी कोणी ‘तिथे काहीच लागत नाही’ म्हटलं असेल, तर ते आज तसंच धरू नका.

यातली एक सोय मात्र मुद्दाम लक्षात ठेवा. सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या टॉवरवर एका कंपनीच्या ग्राहकाला दुसरीचा टॉवर वापरता यावा, अशी व्यवस्था जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने सुरू केली. जिओ, एअरटेल, बीएसएनएल तिन्ही त्यात आहेत. म्हणजे पाहणीत असा टॉवर सापडला तर त्यावर तुमचं आहे ते सिमही चालू शकतं. फोनमध्ये ‘डेटा रोमिंग’ चालू ठेवा. ते बंद असलं की काही फोन तिथे नेट देत नाहीत. देशातल्या देशात त्याचे जादा पैसे लागत नाहीत. तुमच्या भागात ते असंही चालूच हवं, कारण नर्मदेच्या काठाला फोन कधी गुजरातचा टॉवर धरतो, कधी मध्य प्रदेशचा, आणि तुम्ही जागच्या हललेल्याही नसता.

तुमचा फोन कोणता ते तुम्ही लिहिलेलं नाही. बीएसएनएलचं फोर-जी ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालतं. त्यातला ७०० चा पट्टा म्हणजे ‘बँड २८’ बऱ्याच स्वस्त फोनमध्ये नसतो. समोर टॉवर दिसतो, शेजाऱ्याला नेट येतं आणि आपला फोन ढिम्म, यामागे पुष्कळदा एवढंच असतं. फोनच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या पानावर फोर-जी बँडची यादी बघा. सिमला शिव्या घालण्याआधी हे पाच मिनिटांचं काम आहे.

आणि पोर्ट करू नका. निदान आत्ता तरी नको. तुमचा नंबर आधारला, बँकेला आणि ऑफिसच्या प्रत्येक पोर्टलला जोडलेला आहे. एकदा पोर्ट केलात की पुढचे ९० दिवस परत हलता येत नाही. आणि ते ९० दिवस श्रावणात पडले तर काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. पाहणीत जी कंपनी उपकेंद्राच्या खोलीत पोचते तिचं एक नवं सिम घ्या, महिन्याचं रिचार्ज मारा आणि बघा. जुनं सिम ओटीपीपुरतं जिवंत ठेवा. जानेवारी २०२५ पासून कंपन्यांनी फक्त बोलणं आणि मेसेज असे बिननेटचे प्लॅन काढले आहेत, ते यासाठीच बरे. सिम स्वतःच्या नावावर घ्या. ‘माझ्या नावावरचं पडून आहे, वापरा मॅडम’ म्हणणारं कोणीतरी प्रेमाने भेटेल. तिथे गोड बोलून नाही म्हणा.

माझं विचाराल तर, टू-जी किंवा जे काही खोलीत पोचतं त्यावर एक साधा बटनांचा फोन उपकेंद्रासाठी ठेवा. उशाशी, सायलेंटवर कधीच नाही, चार्जिंग तीन-चार दिवस टिकतं. नंबर भिंतीवर रंगवून घ्या आणि प्रत्येक आशाताईच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहा. नेटचं सिम तुमच्या स्मार्टफोनमध्ये. या फोनवर घंटी आणि त्या फोनवर आकडे, अशी फारकत केली की तुमचं अर्धं ओझं उतरेल.

आकड्यांसाठी त्या वाशावरच्या पिशवीचीच सुधारलेली आवृत्ती करता येते. रेंज येते तिथे, उंचावर, एक फोन बांधायचा, त्याचं हॉटस्पॉट चालू करायचं आणि खाली बसून दुसऱ्या फोनवर काम करायचं. वीस-पंचवीस फुटांवर हे व्यवस्थित चालतं. ग्रामपंचायतीत भारतनेट किंवा महानेट या सरकारी इंटरनेट योजनांची फायबर आली असेल आणि ती चालू असेल (दोन्ही ‘असेल’ तपासून घ्या), तर आठवड्यातला एक दिवस तिथे ठरवा. तिथल्या वायफायवरून कॉलही होतात, बहुतेक स्मार्टफोनमध्ये ‘वायफाय कॉलिंग’ असतं. बाकीच्या दिवशी नोंदी कागदावर, तारीख आणि वेळ घालून.

आणि मोबदल्याचं काय ते वैद्यकीय अधिकाऱ्यांशी लेखी बोला. तुमची वही जोडा: अमुक तारखेला, अमुक पाड्यावर, अमुक कंपन्यांची लहर शून्य. तोंडी तक्रारीला ‘सगळ्यांचंच असं आहे’ हे उत्तर मिळतं. आठवडाभराच्या तक्त्याला ते देणं जरा जड जातं. टॉवरची मागणी ग्रामसभेच्या ठरावातून वर जाते, तेव्हाही हाच तक्ता कामाला येईल. रेंज नसणं ही तुमची वैयक्तिक अडचण आहे असं तुम्ही पत्रभर धरून चालला आहात, आणि सिम, फोन, रिचार्ज सगळं स्वतःच्या पगारातून भागवायच्या तयारीत आहात. निदान विचारून तरी बघा की उपकेंद्राच्या खर्चात हे बसतं का.

आता भाद्रपदातल्या त्या रात्रीबद्दल. यावर मी जरा थांबणार आहे.

समजा, तुमचा फोन वाजला असता. तुम्ही पाऊण तास आधी निघाला असता, हे खरं. पण रुग्णवाहिका घाटातूनच आली असती. चांदसैली घाटात दरड आली की धडगाव कसं तुटतं ते तुम्ही या वर्षभरात पाहिलंच असेल. फोन लागणं आणि बाई दवाखान्यात पोचणं यांच्यामध्ये जो रस्ता आहे, तो कुठल्याच कंपनीच्या हातात नाही. मग तुमच्या हातात काय आहे? तुमच्याकडे गरोदर मातांची यादी आहे, तारखा आहेत. पावसाळ्यात तारीख असलेल्या आणि लांबच्या पाड्यावरच्या बायकांना आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ आणून ठेवायचं, यासाठीच आपल्याकडे आदिवासी जिल्ह्यांत ‘माहेरघर’ आहे. बायका यायला कां-कूं करतात, घरची गुरं, लहान पोरं, सासू, सगळं खरं. तरी जूनमध्ये बसून आशाताईंबरोबर अशा पाच-सात नावांवर खूण केलीत, तर ऑगस्टमधल्या रात्री ज्या फोनची वाट बघायची त्यातले निम्मे येणारच नाहीत.

उरलेल्यांसाठी माणूसच ठरवून ठेवा. ती बॅटरी घेऊन आलेली व्यक्ती, आशाताईंचा नवरा. तुम्ही तिचा उल्लेख लाज वाटल्यासारखा केला आहे. मला वाटतं त्या रात्री तुमच्या भागातली सगळ्यात भरवशाची सेवा तीच होती. प्रत्येक पाड्यावर असा एक गडी ठरवा, चांगली बॅटरी द्या, रेंज येणारी जवळची जागा त्याला दाखवून ठेवा. कोणी निघायचं हे रात्री ठरवायला लागू नये. जवळच्या पोलीस ठाण्यात वायरलेस असतो, तिथल्या लोकांशी ओळख ठेवा. आणि सगळ्यांना सांगा की आपल्या सिमला रेंज नसली आणि पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ दिसत असेल तर ११२ लावायचा. तो कॉल ज्या कंपनीची लहर मिळेल तिच्यावरून जातो. रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबर फोन तसा आपत्कालीन म्हणून ओळखेलच असं नाही.

मावसभावाला मात्र आजच कळवा की तो फोन आणू नकोस. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन जवळ बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे. थुरया आणि इरिडियम या सेवांना बंदी आहे. परवानगीने मिळते ती इनमारसॅटवरची बीएसएनएलची सेवा. गिर्यारोहकांकडची हातातली सॅटेलाइट यंत्रं घेऊन आलेल्या परदेशी पाहुण्यांनाही गोव्याच्या विमानतळावर अडवलं गेलं आहे. सिग्नल वाढवणारे बूस्टर ऑनलाइन मिळतात, तेही परस्पर बसवणं बेकायदा आहे, आणि त्याने टॉवरचीच लहर बिघडून शेजाऱ्यांची रेंज जाते. नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंक या उपग्रहावरून नेट देणाऱ्या कंपनीशी इरादापत्र केलं, त्यात नंदुरबारचं नाव आहे. ते आलं तर दवाखान्याच्या छपरावर थाळी बसेल, खिशात काही येणार नाही. तोवर त्या भरवशावर काही ठरवू नका.

बदलीबद्दल मी मत देणार नाही, तो तुमच्या दोघांचा प्रश्न आहे. फक्त ती रेंजच्या नावाखाली मागू नका. कंटाळा आला असेल, भीती वाटत असेल, लग्नानंतर एकत्र राहायचं असेल, तर ही कारणं पुरेशी आहेत आणि होणाऱ्या नवऱ्याशी ती त्याच नावांनी बोललेली बरी.

आईंचं सांगते आणि थांबते. रोज आठचा फोन बंद करा. तुमच्या टेकाडावर रात्री आठला, पावसात, सापाकिरड्यात चढून आईला ‘मी सुखरूप आहे’ सांगायचं, याला काय म्हणावं! त्याऐवजी संध्याकाळी साडेपाचला, उजेड असताना, एक साधा मेसेज (एसएमएस). मेसेज टू-जीवरही जातो, रेंज क्षणभर आली तरी निघतो. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी धडगावला उतरलात की तासभर पोटभर बोलणं. आणि आईंना दोन नंबर द्या, एक उपकेंद्राच्या बटनांच्या फोनचा, एक आशाताईंचा. सांगा, दोन दिवस मेसेज आला नाही तर आधी आशाताईंना लावायचा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना नाही. एकदा दोघींचं बोलणंही करून द्या. एकीची सांगलीची मराठी, दुसरीची पावरी. पहिल्यांदा दोघींना काही कळणार नाही, पण आवाज ओळखीचा होईल.

मावसभावाला काही आणायचंच असेल तर वीस हजार एमएएचची पॉवर बँक सांगा. विमानात ती हातातल्या बॅगेत ठेवावी लागते, सामानात टाकून चालत नाही.